सिक्युरिटी मॉनिटरवर सारखं नो सिग्नल, फिकं चित्र नाहीतर आवाजच गायब: मागची कनेक्शनं नीट कशी तपासायची

वायर जरा हलवली की चित्र येतं, थोडे दिवस बरं चालतं आणि मग परत निळा पडदा आणि मधोमध नो सिग्नल. किंवा चित्र आहे पण फिकं, नाहीतर चित्र एकदम झकास आणि आवाजाचा पत्ता नाही. बहुतेक वेळा मॉनिटर बिचारा चांगला असतो, घोळ असतो तो त्याच्या पाठीमागच्या जोडण्यांमध्ये. हलवून चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही, फॉल्ट फक्त लपून बसला आणि तो सोयीने परत येणार. म्हणून पुढच्या वेळी बिघडलं की वायरला हात लावायच्या आधी स्क्रीनचा मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण चित्र कसं बिघडलंय त्यावरूनच कुठे शोधायचं ते अर्धं कळतं आणि एकदा का सगळ्या वायरी ओढून बघितल्या की तो पुरावा गेला.

आधी मॉनिटरची पाठ बघा. साधारण सिक्युरिटी मॉनिटरला बीएनसी (फिरवून लॉक होणारं गोल व्हिडिओ कनेक्टर) इन आणि त्याच्या शेजारी बीएनसी आउट अशी जोडी असते, कधी दोन जोड्या, मग ऑडिओचे आरसीए (रंगीत गोल भोकं), व्हीजीए, एचडीएमआय आणि एक ३.५ एमएमचं भोक, जुन्या मॉडेलला एस-व्हिडिओचं गोल चार पिनांचं सॉकेटही. आता हे सगळं मागे, अंधारात, भिंतीला चिकटून असल्यामुळे केबल हमखास इनच्या ऐवजी आउटमध्ये बसते. गंमत म्हणजे कित्येक मॉनिटरमध्ये इन आणि आउट आतून सरळ जोडलेले असतात त्यामुळे आउटमध्ये लावूनसुद्धा चित्र येतं, पण बऱ्याचदा भडक आणि सावल्या पडलेलं येतं, आणि मग माणूस ब्राइटनेस कॉन्ट्रास्टशी खेळत बसतो. त्यामुळे टॉर्च घ्या आणि पोर्टवरची अक्षरं वाचा, अंदाजाने नको.

दुसरं, सोर्स. रिमोटवर किंवा समोरच्या बटणावर व्हिडिओ १, व्हिडिओ २, पीसी, एचडीएमआय असं फिरतं ते. काही मॉनिटर वीज जाऊन आली की शेवटचा सोर्स विसरतात आणि कंपनीने ठरवलेल्या इनपुटवर जाऊन बसतात, काहींमध्ये ऑटो सोर्स चालू असतं आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) चालू व्हायला एक दोन मिनिटं घेतो तोवर मॉनिटर सगळे सोर्स चाचपून झोपून गेलेला असतो. मग सकाळी कोणीतरी म्हणतं मॉनिटर परत गेला. तुमचा प्रॉब्लेम नेमका वीज गेल्यावरच येत असेल तर वायरी उपसायच्या आधी मेन्यूत ऑटो सोर्स बंद करून इनपुट फिक्स करता येतं का ते बघा, फुकटात सुटतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ७५ ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या शेवटच्या टोकाला लागणारा लोड, कारण परत परत येणाऱ्या फिक्या किंवा भडक चित्राचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं आणि याच्याकडे कोणी बघतच नाही. कॅमेऱ्यातून निघणारा साधा कंपोझिट व्हिडिओ (सगळं चित्र रंगासकट एकाच तारेतून) ७५ ओहमच्या केबलमधून येतो आणि शेवटच्या टोकाला त्याला बरोबर ७५ ओहमचा एकच लोड लागतो, तेव्हा तो १ व्होल्ट पीक टू पीक मिळतो, त्यातले साधारण ०.३ व्होल्ट सिंकचे (चित्र जागेवर धरून ठेवणारा भाग) आणि ०.७ व्होल्ट चित्राचे. शेवटी लोड नसेल तर सिग्नल टोकावर आदळून भिंतीवरच्या चेंडूसारखा उलटा येतो, व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं, चित्र पांढरंफटक दिसतं आणि वस्तूंच्या उजव्या कडेला सावली नाहीतर रेघा उमटतात. आणि दोन ठिकाणी लोड लागला, म्हणजे मॉनिटरमध्ये पण आणि पुढे डीव्हीआरमध्ये पण, तर दोन ७५ पॅरलल होऊन ३७.५ ओहम होतात आणि १ व्होल्टचा सिग्नल साधारण ०.६७ वर येतो. चित्र मळकट, रंग उडालेले, आणि लांबच्या कॅमेऱ्याचं तर सिंकच सुटायला लागतं, मधूनच फिरतं, मधूनच नो सिग्नल. दिवसा ठीक आणि मधेच गेलं असं याच्यामुळेही होतं कारण सिग्नल अगदी कडेवर चालत असतो.

मग नियम सरळ आहे, साखळीत शेवटी जो कोणी असेल फक्त त्याचं टर्मिनेशन चालू, मधल्या सगळ्यांचं बंद. मॉनिटरच्या मागे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला ७५ ओहम आणि दुसऱ्या बाजूला हाय-झेड, म्हणजे टर्मिनेशन बंद, लिहिलेलं. कॅमेरा मॉनिटरमध्ये आणि मॉनिटरच्या आउटमधून डीव्हीआरमध्ये नेला असेल तर मॉनिटरचा स्विच हाय-झेडवर, डीव्हीआर टर्मिनेशन बघून घेतो. एकटाच मॉनिटर असेल तर ७५ वर. काही मॉनिटरमध्ये स्विच नसतो, आउटच्या जॅकमध्ये केबल घुसली की आतलं टर्मिनेशन आपोआप सुटतं, आणि इथे एक छुपी मेख आहे, पुढचा डीव्हीआर काढून नेला पण आउटमधली केबल तशीच लोंबकळत ठेवली की मॉनिटरला वाटतं पुढे कोणीतरी आहे, म्हणून टर्मिनेशन लागत नाही आणि चित्र भडकतं. ती मोकळी केबल काढून टाका बस्स. आणि ते बीएनसीचे टी कनेक्टर लावून एका कॅमेऱ्यातून दोन मॉनिटर चालवायचे जुगाड, दोन्हीकडे टर्मिनेशन चालू असलं की तोच डबल लोडचा घोळ होतो. जास्त ठिकाणी न्यायचं असेल तर व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर लावा, त्याचं प्रत्येक आउटपुट वेगळं असतं, एकाचा त्रास दुसऱ्याला होत नाही. एक अजून, बऱ्याच मॉनिटरचं लूप (इनमधला सिग्नल आउटमधून पुढे देणं) मॉनिटर बंद असतानाही चालतं पण ज्यांचं लूप आतल्या सर्किटमधून जातं त्यांचं मॉनिटर बंद केला की पुढचं रेकॉर्डिंगही जातं, त्यामुळे एकदा मुद्दाम बंद करून डीव्हीआरवर बघून घ्या.

टर्मिनेशन बरोबर आहे तरी हलवलं की येतं-जातं, मग बीएनसीचं टोक उघडा. स्क्रूवालं कनेक्टर असेल तर मागचं टोपण फिरवून काढलं की आत बारीक स्क्रूखाली मधली तार दिसते, ती जरा ओढून बघा, निम्म्या वेळा ती हातात येते. मधली तार पुरेशी घट्ट असली तरी आजूबाजूच्या जाळीचा एखादाच केसासारखा धागा वळून मधल्या तारेला टेकलेला असतो, डोळ्याला चटकन दिसत नाही, केबल एका कोनात असली की टेकतो, सरळ केली की सुटतो, आणि हेच ते हलवलं की येतं प्रकरण. टोक कापा, जाळी नीट मागे दुमडा, नवं बसवा, आणि जमत असेल तर स्क्रूचं न लावता क्रिम्प किंवा कॉम्प्रेशनचं (हत्याराने दाबून बसवायचं) लावा. कनेक्टर मात्र त्याच केबलच्या मापाचं हवं, आरजी-५९ केबलचं कनेक्टर जाड आरजी-६ केबलवर दाबून बसवलं की महिनाभर चालतं आणि मग सुटतं. बीएनसी बसवताना नुसतं ढकलू नका, पाव फेरा फिरवून खटका बसला पाहिजे.

केबलचं सुद्धा बघाच. ७५ ओहमची आरजी-५९ हवी, आरजी-५८ दिसायला तशीच असते पण ती ५० ओहमची, वायरलेसच्या कामाची. दुसरं म्हणजे मधली तार तांब्याची आहे का नुसती तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची. याला एकदम सोपी टेस्ट आहे, मधल्या तारेला चुंबक लावा, चिकटली तर स्टील. अशी तार केबल-टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला चालून जाते पण कंपोझिट व्हिडिओ अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू होतो, तिथे स्टीलचा रेझिस्टन्स नडतो आणि लांब अंतरावर चित्र पसरतं, फिरतं. मल्टीमीटर असेल तर कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही काढा, एका टोकाला मधली तार आणि जाळी शॉर्ट करा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा, चांगल्या तांब्याच्या १०० मीटर केबलला काही ओहम दिसतील, आकडा खूपच मोठा आला किंवा हलवताना नाचायला लागला तर केबल किंवा मधला जोड गेलाय. शॉर्ट काढल्यावर मात्र काहीच दिसता कामा नये, दिसलं तर आत कुठेतरी टेकतंय.

कधीकधी सगळं बरोबर असून नवीन कॅमेरा लावल्यापासून चित्रच नाही किंवा काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्या नुसत्या थरथरतायत. हा बिघाडच नाही. बीएनसी भोक तेच पण त्यातून जाणारा सिग्नल आता चार प्रकारचा असू शकतो, जुना सीव्हीबीएस म्हणजे कंपोझिट, आणि एचडीवाले एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय. जुना मॉनिटर फक्त सीव्हीबीएस ओळखतो, त्याला एचडी दिलं तर तो काय करणार. चार-इन-वन कॅमेरा असेल तर त्याच्या केबलवर एक छोटं जॉयस्टिकचं बटण असतं, ते एका दिशेला साधारण ५ सेकंद दाबून धरलं की फॉरमॅट बदलतो, चारी दिशांना चार फॉरमॅट. कुठली दिशा कशाला ते मॉडेलप्रमाणे बदलतं, कॅमेऱ्याचा कागद बघा नाहीतर एक एक करून बघा. सीव्हीबीएसवर आणलं की जुन्या मॉनिटरवर चित्र येतं, पण मग डीव्हीआरलाही तेच कमी क्वालिटीचं जाणार. दोन्ही हवं असेल तर कॅमेरा डीव्हीआरमध्ये एचडी ठेवा आणि मॉनिटरला डीव्हीआरचं आउटपुट द्या, तेच शहाणपणाचं.

चित्र काळंपांढरं आलंय पण बाकी स्वच्छ आहे? मग पाल आणि एनटीएससी (रंगीत व्हिडिओच्या दोन वेगळ्या पद्धती) यांचा ताळमेळ बघा. पाल ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड, कलरची फ्रिक्वेन्सी ४.४३ मेगाहर्ट्झ, एनटीएससी ५२५ रेषा, ६० फील्ड, ३.५८ मेगाहर्ट्झ. मॉनिटर ऑटोवर ठेवलेला बरा. रात्री आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे) चालू झाल्यावर कॅमेरा स्वतःच काळापांढरा होतो तो प्रकार वेगळा, त्यासाठी दिवसा तपासा. एस-व्हिडिओवरही असंच, तिथे ब्राइटनेस आणि रंग वेगवेगळ्या तारांवरून जातात, म्हणून कंपोझिट सिग्नल कन्व्हर्टरशिवाय नुसत्या अ‍ॅडॅप्टरने एस-व्हिडिओत घातला की रंग गेलाच.

व्हीजीए आणि एचडीएमआयवर आउट ऑफ रेंज किंवा इनपुट नॉट सपोर्टेड आलं तर सिग्नल पोचतोय, मॉनिटरला तो झेपत नाही एवढंच. १७ आणि १९ इंचाचे बरेच सिक्युरिटी मॉनिटर १२८० बाय १०२४ चे असतात आणि डीव्हीआर त्यांना १०८० पी नाहीतर ४के देत बसतो. डीव्हीआर दुसऱ्या एखाद्या टीव्हीला लावा, मेन्यूत आउटपुट रिझोल्युशन कमी करा, सेव्ह करा, परत मॉनिटरला लावा. एचडीएमआयमध्ये दोघं आपसात बोलून रिझोल्युशन ठरवतात, आणि डीव्हीआर चालू होताना मॉनिटर बंद असला की ते बोलणं होत नाही, मग डीव्हीआर मनाला येईल ते रिझोल्युशन धरून बसतो. हा प्रॉब्लेम कायम रीस्टार्टनंतर येत असेल तर आधी मॉनिटर चालू करा, मग डीव्हीआर, आणि मेन्यूत ऑटो न ठेवता रिझोल्युशन हाताने ठरवून द्या. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय आणि मधूनच काळं होतंय? त्याला बाहेरून पॉवर द्यायची मायक्रो यूएसबीची जागा असेल तर द्या, डीव्हीआरच्या पोर्टमधून मिळणारा करंट त्याला अपुरा पडतो.

आता आवाज. इथे लोकांचा गैरसमज भरपूर आहे. बीएनसीमधून आवाज जात नाही. काही एचडी कॅमेरे त्याच कोएक्सवरून, म्हणजे बीएनसीच्या केबलवरून, ऑडिओ पाठवतात खरं, पण तो सिग्नलमध्ये मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढणारा डीव्हीआर समोर हवा, मॉनिटरच्या बीएनसीत तीच केबल लावली तर चित्र कदाचित येईल, आवाज नाही. व्हीजीएमधूनही आवाज जात नाही. त्यामुळे डीव्हीआर ते मॉनिटर एचडीएमआय काढून व्हीजीए केलं आणि आवाज गेला असं असेल तर मॉनिटर बिघडलेला नाही, ऑडिओची वायर वेगळी टाकायला लागते, डीव्हीआरच्या ऑडिओ आउटमधून मॉनिटरच्या ३.५ एमएमला. आरसीए भोकं सहसा व्हिडिओ १, व्हिडिओ २ शी बांधलेली असतात आणि ३.५ एमएम पीसीशी. तुम्ही बीएनसी २ बघताय आणि ऑडिओ लावलाय १ मध्ये, तर मॉनिटर इमाने इतबारे गप्प बसणार.

सगळं जागेवर आहे तरी शुकशुकाट, मग डीव्हीआर बघा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये चार किंवा सोळा चौकोन दिसत असताना आवाज येतच नाही, एक कॅमेरा मोठा करून स्पीकरचं चिन्ह चालू करावं लागतं. आयपी कॅमेरा (नेटवर्कवरून चालणारा) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्ट्रीम फक्त व्हिडिओचा ठेवलेला असतो, तो व्हिडिओ आणि ऑडिओ असा करायचा.

माइक थेट मॉनिटरला लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, मॉनिटरचं ऑडिओ इन हे लाइन लेव्हलचं असतं, साधा माइक काही मिलिव्होल्टच देतो, तो तिथे ऐकूच येत नाही, आवाज पूर्ण वाढवला की नुसती सूं. सीसीटीव्हीसाठी येणाऱ्या माइकमध्ये आतच अ‍ॅम्प्लिफायर असतो म्हणून त्याला १२ व्होल्ट लागतात आणि तीन तारा असतात, बहुतेक वेळा लाल पॉवर, काळी ग्राउंड आणि तिसरी पांढरी किंवा पिवळी ऑडिओ, पण रंगावर विश्वास ठेवू नका, लेबल वाचा, कारण १२ व्होल्ट मॉनिटरच्या ऑडिओ इनमध्ये घातले तर तो आवाज परत कधीच यायचा नाही. ग्राउंड एकच असतं, ते पॉवरच्या मायनसला पण आणि आरसीएच्या बाहेरच्या रिंगला पण जोडायचं, दुसरी जोडणी राहिली की गुरगुर येते. मॉनिटरच्या जवळच माइक असला तर शिट्टी घुमणार, तो वायरचा दोष नाही. आणि पिवळी, पांढरी, लाल अशी तीन टोकांची ३.५ एमएम केबल वापरत असाल, जिच्या प्लगवर चार पट्ट्या असतात, तर त्या पट्ट्यांचा क्रम सगळ्या केबलमध्ये सारखा नसतो. पिवळ्यातून चित्र येत नाही आणि पांढऱ्यातून जोरात घरघर येते, आणि कॅमेऱ्यासमोर कोणी गेलं की घरघर बदलते, असं असेल तर व्हिडिओ ऑडिओत शिरलाय, ज्या टोकातून घरघर येते तेच टोक पिवळ्या भोकात लावून बघा, कधीकधी तिथेच चित्र बसलेलं असतं.

चित्रात एक दोन जाड फिकट पट्ट्या संथपणे वर सरकत राहिल्या आणि आवाजात हम्म् आलं तर हा ग्राउंड लूप. कॅमेरा लोखंडी खांबावर, मॉनिटर दुसऱ्या टोकाला अर्थ केलेला, दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडं व्होल्टेज आणि ते फिरतं तुमच्या कोएक्सच्या जाळीतून. बीएनसी काढा, मीटर एसीवर ठेवा, एक टोक केबलच्या जाळीला आणि दुसरं मॉनिटरच्या बीएनसीच्या बाहेरच्या कड्याला. व्होल्टभर जरी दिसलं तरी कारण सापडलं. दहा वीस किंवा त्याहून जास्त दिसलं किंवा ठिणगी उडाली तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो व्हिडिओचा विषयच नाही. खात्री करायला कॅमेरा थोडा वेळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि खांबापासून सुटा करून चालवा, पट्ट्या गेल्या तर ग्राउंड लूप पक्का. उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटखाली प्लास्टिकचा तुकडा देऊन तो खांबापासून तोडायचा, नाहीतर केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकायचा, ऑडिओसाठी वेगळा मिळतो. काही जण मॉनिटरच्या प्लगची अर्थ पिन तोडून पट्ट्या घालवतात. पट्ट्या जातात, पण उद्या मॉनिटरच्या बॉडीत करंट उतरला की पहिला हात ज्याचा लागेल त्याचं काय, त्यामुळे ते अजिबात करू नका.

फक्त रात्रीच जातं आणि सकाळी आपोआप येतं, तर व्हिडिओ केबल सोडा आणि पॉवर बघा. अंधार पडला की आयआर एलईडी पेटतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो, लांब बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद चालू होत राहतो, मॉनिटरवर ते हुबेहूब लूज कनेक्शनसारखं दिसतं. मीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा, सप्लायच्या टोकाला नाही, आणि लेन्सजवळचा लाइट सेन्सर बोटाने झाकून आयआर चालू असताना वाचा. १२ च्या जागी १० च्या आसपास दिसले तर वायर जाड करा किंवा सप्लाय जवळ आणा.

एवढं करूनही तेच, तर चांगला चालणारा दुसरा कॅमेरा एक मीटरच्या नव्या केबलने थेट मॉनिटरच्या त्याच इनला लावा आणि रात्रभर ठेवा. चाललं तर मॉनिटर निर्दोष, उरलेल्या लाइनवर एक एक तुकडा बदलत मागे जा, एका वेळी एकच. नाही चाललं तर बीएनसीचा जॅक बोटांत धरून हलका हलवा, तो पूर्ण डुगडुगत असेल तर आतल्या बोर्डवरचं सोल्डर तडकलंय, जड केबल वर्षानुवर्षं त्याच जॅकवर लोंबकळली की होतं असं. मॉनिटर प्लग काढून बराच वेळ ठेवा आणि मगच रिपेअरवाल्याकडून तेवढंच सोल्डर करून घ्या, आणि परत बसवताना केबल भिंतीला क्लिप मारून घ्या म्हणजे वजन जॅकवर येणार नाही.